दोष आढळला नाही

रविवारी दुपारी साडेतीनला सेक्रेटरी आला तेव्हा घरात माणसं पाच होती, खुर्च्या चार, आणि तरीही एक खुर्ची रिकामी होती. ड्रायव्हरचे वडील अण्णा, त्यांची नात आणि नातजावई बसले होते. ड्रायव्हरची बायको ओट्याशी चहा करत होती. आणि स्वतः ड्रायव्हर फ्रिजला कोपर टेकून उभा होता. गेले आठ महिने तो असाच उभा होता. जेवायचा उभ्याने, पेपर वाचायचा उभ्याने. झोपण्यापुरता जमिनीवर आडवा व्हायचा. त्याच्या कोपराने फ्रिजच्या कडेचा रंग गेला होता. बसलं की कंबरेतून डाव्या पायात कळ उतरायची, मग पाय बधिर व्हायचा, आणि दहा मिनिटांनी तो पाय आपलाच आहे हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागायचं.

सेक्रेटरी रिकाम्या खुर्चीत बसला.

तो ड्रायव्हरचा थोरला भाऊ. परिवहन कामगार युनियनचा सेक्रेटरी म्हणून तीनदा बिनविरोध निवडून आलेला. तिन्ही वेळा विरोधकांचे अर्ज छाननीसाठी त्याच्याकडेच आले होते. काखेत फाईल, हातात बिस्किटांचा पुडा. कुठल्याही घरी वाईट बातमी घेऊन जाताना तो बिस्किटं न्यायचा, त्यामुळे डेपोत त्याच्या हातात पुडा दिसला की माणसं संडासात जाऊन बसत.

"चार मजले," तो धापा टाकत म्हणाला. "या क्वार्टर्सना लिफ्ट कधी बसणार?"

"युनियनला विचारा," ड्रायव्हरची बायको ओट्याकडेच तोंड ठेवून म्हणाली.

सेक्रेटरीने ते ऐकलं नाही. न ऐकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "काम झालंय," तो भावाला म्हणाला. "उद्या दहाला सुनावणी आहे, पण सुनावणीची गरजच नाही. मी वर बोललोय. तुला खिडकी मिळाली."

"कसली खिडकी?" अण्णांनी विचारलं.

"चौकशीची, अण्णा. स्टँडवरची. हलकं काम. माणसं येऊन विचारणार, गाडी कधी आहे? हा सांगणार, येईल. झालं. आठ तास बसून राहायचं. वर पंखा आहे."

"बसून," ड्रायव्हर म्हणाला.

"आरामात बसून."

"दादा, मी आत्ता काय करतोय?"

"म्हणजे?"

"सोपा प्रश्न आहे. चौकशीच्या खिडकीवर विचारतात तसला. मी काय करतोय?"

सेक्रेटरीने चष्मा काढून पुसला. "उभा आहेस."

"किती दिवस?"

"हे बघ, तू असं आडवं बोलू नकोस. डॉक्टरांच्या मंडळानेच लिहिलंय, हा माणूस बैठं काम करू शकतो."

"वाचून दाखवू का?" ड्रायव्हरच्या बायकोने गॅस बंद केला. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. बावीस वर्षं लोकांच्या चुका वाचून वाचून तिला कागद हातात घेतला की चुकीचा वास यायचा. हा कागद तिने इतक्यांदा वाचला होता की तो तिला पाठ होता. "'उमेदवार संपूर्ण तपासणीच्या काळात कोणत्याही आधाराशिवाय उभा राहू शकला. सबब तो बसून करण्याच्या कामास सक्षम आहे.' भाऊजी, तपासणी किती मिनिटं चालली माहीत आहे? चार. आणि हे उभे का राहिले माहीत आहे? खुर्चीवर फायली होत्या. दुसरी खुर्ची नव्हती. उद्या यांना पाण्यात टाकलं आणि हे बुडाले, तर लिहितील, उमेदवार पोहण्यास सक्षम, तळापर्यंत गेला."

नातजावयाला हसू आलं. त्याच्या बायकोने कोपर मारल्यावर ते गेलं.

"मला सांगून काय उपयोग?" सेक्रेटरी म्हणाला. "मी का डॉक्टर आहे?"

"नाही. तुम्ही आमचे आहात. म्हणून सांगतेय."

फाईल उघडली गेली. चार पानांचं संमतीपत्र टेबलावर आलं. ड्रायव्हरच्या बायकोने ते उभ्याउभ्या वाचलं, आणि तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"'सदस्य सलग तीन दिवस नेमून दिलेल्या खिडकीवर आढळला नाही, तर त्याने नोकरी स्वतःहून सोडली असे समजण्यात येईल.'" तिने कागद खाली ठेवला. "म्हणजे सोमवारी बसवायचं, बुधवारपर्यंत हे उठणार, आणि पुढच्या सोमवारी आमची नोकरी आम्हीच सोडलेली. कामावर कंबर मोडली त्याचा पगार नाही, औषधपाणी नाही, काही नाही. शिवाय हे क्वार्टर्स खाली करायचे, तेही स्वखुशीने."

"तीन दिवसांत कोण काढतंय? माझी माणसं आहेत तिथं."

"आम्हीही तुमचीच माणसं होतो, भाऊजी."

"दादा, मी सही करणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. "सीट तुटली, मी आदळलो, कामावर आदळलो. उद्या जाऊन एवढंच सांगायचंय."

सेक्रेटरीने बिस्किटांचा पुडा फोडला, एक खाल्लं, आणि फाईलमधून एक झेरॉक्स काढली.

"तर मग वही निघेल," तो म्हणाला.

*

ड्रायव्हरची लेक कंडक्टर होती. गच्च भरलेल्या गाडीत कुणाकडे तिकीट नाही हे तिला मानेवरून कळायचं. काकाने झेरॉक्स काढली तेव्हा तिने काकाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान बिनतिकिटाची होती.

त्या दिवसाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सीटखालचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधीच कुरकुरत होता. शाळेपुढच्या गतिरोधकावर तो तुटला, सीट खाली गेली, बाबांची कंबर लोखंडावर आपटली. पुढे अकरा थांबे होते. बाबांनी ते अकराही थांबे घेतले. डावा पाय क्लचवर पडेना, तर हाताने उचलून ठेवत गेले. गाडी डेपोत वेळेवर लावली. आणि मग त्यांनी ते केलं जे बत्तीस वर्षं रोज केलं होतं: दोषवही मागितली आणि लिहिलं.

दोषवही गाडीच्या दोषांसाठी असते. ब्रेक लागत नाही, वायपर फिरत नाही, दार अडकतं. ड्रायव्हरने लिहायचं, मेकॅनिकने खाली शेरा मारायचा. माणसाला काही झालं तर त्याची वेगळी वही असते, ती कारकुनाच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि कारकून चारला घरी. डेपोत ती वही कुणी पाहिली नव्हती. ती आहे याबद्दलही दोन मतं होती.

"वाचतो," काका म्हणाला. "'सीट मोडली. त्यावरून आदळलो. ड्रायव्हरची कंबर व डावा पाय निकामी वाटतो. तपासावे.' ही याची नोंद. खाली मेकॅनिकचा शेरा. 'तपासले. दोष आढळला नाही. गाडी मार्गावर सोडली.'"

"हे आम्हाला माहीत आहे," आई म्हणाली. "ऑफिसने टाईप करून पाठवलं होतं. बस दुरुस्त करणाऱ्याने माणूस तपासला आणि पास केला. जगात असं पहिल्यांदाच झालं असेल."

"टाईप करून पाठवलं होतं," काका म्हणाला. "त्यात सही नव्हती. ही मूळ पानाची झेरॉक्स आहे."

त्याने कागद टेबलावर फिरवून ठेवला. लेकीने सही पाहिली. तीच सही तिच्या लग्नाच्या कागदावर होती, घरभाड्याच्या करारावर होती.

बिस्किटाचा कागद तेवढा वाजत होता.

"आठ महिने," ती नवऱ्याला म्हणाली. "आठ महिने तू इथे दर रविवारी जेवतोस."

"सांगणार होतो."

"कधी? बाबांच्या तेराव्याला?"

"ए, काय बोलतेस!" आई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. ती जावयाकडे बघत होती आणि तिला त्याला काय म्हणावं ते सापडत नव्हतं. आजवर ती त्याला अहोजाहो करायची.

"आता नीट ऐका," काका म्हणाला. आता तो घरातला राहिला नव्हता, सभेतला झाला होता. "उद्या हा उभा राहिला, की वकील म्हणणार, वहीत लिहिलंय दोष नाही. मग हा म्हणणार, शेरा खोटा. मग पहिला प्रश्न, खोटा कुणी लिहिला? मेकॅनिकला जागच्या जागी निलंबन. पंधरा दिवसांत बडतर्फ. म्हणजे एका घरातला एक पगार वाचवायला दुसऱ्या घरातला घालवायचा. मी हे होऊ देऊ? तुम्हीच सांगा. मी खिडकी आणली ती कुणासाठी आणली?"

लेकीला काकाचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण रांगेत नवरा पुढे उभा होता.

*

अण्णांना ऐंशीव्या वर्षी ऐकू कमी येत असे, पण या घरात ते जाणूनबुजून कमी ऐकत असत. आत्ता मात्र त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते स्वतः अडतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांनी दोन्ही मुलांना एकच गोष्ट शिकवली होती: गाडी मध्येच सोडायची नाही. ताप असो, उलट्या असोत, घरून मयताचा निरोप येवो. गाडी डेपोत लावायची आणि मग काय ते रडायचं. थोरल्याने हे ऐकलं आणि सहा महिन्यांत ड्रायव्हरी सोडून युनियनच्या ऑफिसात खुर्ची धरली. धाकट्याने ऐकलं आणि तो तसाच वागला. रस्त्यावरची माणसं त्याची गाडी बघून घड्याळं लावायची.

त्या दिवशी धाकटा जिना रांगत वर आला होता. आणि अण्णांनी पहिला प्रश्न विचारला होता, "गाडी वेळेत लागली ना?"

"हो," तो म्हणाला होता.

"शाब्बास."

पुढे कंपनीच्या पत्रात तेच आलं. 'फेरी कोणत्याही विलंबाशिवाय पूर्ण झाल्याची नोंद असल्याने, फेरीदरम्यान इजा झाली हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.' सुनेने ते वाचून दाखवलं तेव्हा अण्णांना वाटलं, हे पत्र आपणच लिहिलंय. भर रस्त्यात गाडी आडवी लावून उतरला असता, मागे शिव्या, हॉर्न, पोलीस, गर्दी, तर आज साक्षीला पन्नास माणसं असती.

"मी चुकीचं शिकवलं," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका," सेक्रेटरी म्हणाला.

"तुला नाही म्हणत. तुला शिकवलेलं लागलंच नाही, त्यात माझी काय चूक?"

*

जावई खुर्चीवरून उठला. उठण्यासारखं काही नव्हतं, पण सासरा उभा असताना आपण बसलोय हे त्याला आठ महिन्यांत पहिल्यांदाच टोचलं.

"छप्पन्न गाड्या होत्या," तो म्हणाला. "दुसरी पाळी, आम्ही दोघं. तिसरा रजेवर आणि चौथ्याची जागाच रद्द केलेली. फोरमन म्हणतो, पाना फिरवायला वेळ लागतो, पेन फिरव. सहापर्यंत मी एकोणीस गाड्या खरंच तपासल्या. पुढच्या सगळ्यांना एकच शेरा. यांची गाडी एकेचाळिसावी होती."

"नोंद वाचली होतीस?" लेकीने विचारलं.

खोटं बोलायची ही चांगली वेळ होती. "वाचली," तो म्हणाला. "अक्षर ओळखलं. पायऱ्यांपाशी बाबा भिंत धरून चालत होते ते पण पाहिलं. वाटलं, चालतायत ना. उद्या सीट बघू. दुसऱ्या दिवशी ती गाडी दुसऱ्या डेपोला गेली. तिथल्या ड्रायव्हरने सीटखाली लाकडी ठोकळा घातलाय. मी मागच्या आठवड्यात जाऊन बघून आलो. ठोकळा तिथंच आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर अजून तुटलेलाच आहे."

"आणि हे तू कुणाला सांगितलंस?" सासू म्हणाली. तिने 'तू' म्हटलं आणि त्याला बरं वाटलं. 'तुम्ही' आता सोसलं नसतं.

"काकांना. दोन महिन्यांपूर्वी. ते म्हणाले, गप्प बस, मी बघतो."

सगळ्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने बिस्किटाकडे पाहिलं.

"मी लिहून देतो," जावई म्हणाला. "तपासली नाही असं. कागद दे गं."

"काही लिहायचं नाही," ड्रायव्हर फ्रिजपासून म्हणाला. "दादा, पेन दे. मी सही करतो."

"अहो!"

"पोरीचं घर मोडून मला पगार नको. दादा बरोबर बोलतोय. बसेन खिडकीत. जमेल तेवढे दिवस बसेन."

"तीन!" बायको ओरडली. चहाची किटली ओट्यावर इतक्या जोरात आपटली की झाकण उडालं. "तीन दिवस जमेल! मग चौथ्या दिवशी काय करायचं? चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारायचं, आमचा संसार कधी येणार? सगळे मिळून एकमेकांवर उपकार करताय! हा तुमच्यासाठी नोकरी सोडतो, तुम्ही याच्यासाठी पाय सोडा, आणि ज्यांनी तुटक्या सीटवर बसवलं ते घरी आरामात बसलेत. त्यांच्या खुर्च्या मोडत नाहीत का हो कधी?"

"हे बघ, कंपनीशी भांडायचं असेल तर..." सेक्रेटरीने सुरुवात केली.

"कंपनीशी नाही. तुमच्याशी बोलतेय. भाऊजी, अर्ज फेटाळताना त्यांनी कलम कुठलं लावलं?"

"चौदा ब. इजा अठ्ठेचाळीस तासांत अपघाताच्या वहीत नोंदली नाही तर दावा रद्द."

"चौदा ब." तिने पर्समधून एक पातळ पिवळी पुस्तिका काढली. "हे नियमांचं पुस्तक यांना नोकरीला लागताना मिळालं. यात चौदा आहे. पंधरा आहे. चौदा ब नाही. मी पोटापाण्यासाठी हेच बघते. मध्ये ब आला की समजायचं, छापून झाल्यावर कुणीतरी येऊन काहीतरी घुसवलंय. कुणी घुसवलं?"

सेक्रेटरीने फाईल मिटली. या वेळी त्याला ऐकू आलं होतं.

*

त्याला ती दुपार चांगली आठवत होती. पगारवाढीच्या कराराची शेवटची बैठक, एकोणीस तास झालेले, समोरचा माणूस म्हणाला, वाढ देतो, कंत्राटी ड्रायव्हर आणत नाही, फक्त हे एक छोटं कलम. तीन हजार सातशे माणसं बाहेर वाट बघत होती. सेक्रेटरीने मनात हिशेब केला होता, वर्षाला जायबंदी होतात किती? पंधरा? सतरा? त्या सतरांपैकी कुणाचाही चेहरा त्याला तेव्हा दिसला नव्हता. एक चेहरा त्याच्या स्वतःच्या नाकासारख्या नाकाचा असेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

"करारात होतं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या भल्यासाठी होतं. त्याची नोटीसही लावली होती."

"कुठे?"

"कँटीनमध्ये."

"कँटीनमध्ये कुठे, काका?" लेकीने विचारलं. ती त्या कँटीनमध्ये रोज जेवायची.

"दाराच्या मागे."

"ते दार दिवसभर उघडं असतं."

"हो."

"म्हणजे नोटीस दार आणि भिंतीच्या मध्ये."

"दार बंद केलं की दिसते."

"आणि दार बंद करतात तेव्हा कँटीन बंद असतं, म्हणजे आत कुणी नसतं."

"ते मला काय माहीत!" सेक्रेटरी उसळला. "खिळा तिथं होता! प्रत्येक गोष्टीत मीच? सदोतीसशे माणसांना वाढ कुणी मिळवून दिली? तुझ्या नवऱ्याची नोकरी कंत्राटात गेली नाही ती कुणामुळे? एक कलम गेलं. एक! काहीतरी द्यावं लागतं तेव्हा काहीतरी मिळतं!"

"दिलंस ना," ड्रायव्हर म्हणाला. "मला दिलंस."

तो फ्रिजपासून सुटला. दोन पावलं टाकली. जावयाने सोडलेली खुर्ची ओढून टेबलाशी घेतली.

"अहो, काय करताय?"

"फॉर्म भरतोय. दादाचं म्हणणं, बसून काम जमेल. बघू. चार पानं आहेत. चौथ्या पानाच्या शेवटी सही आहे. तिथपर्यंत बसलो तर सही करेन. कुणी मध्ये बोलायचं नाही. तू घड्याळ बघ," तो लेकीला म्हणाला, आणि बसला.

बसताना त्याने तोंडातून आवाज काढला नाही.

पहिलं पान सोपं होतं. नाव, बिल्ला क्रमांक, जन्मतारीख. हुद्द्याच्या रकान्यात त्याने 'ड्रायव्हर' लिहिलं.

"चौकशी सहायक लिही," सेक्रेटरी पुटपुटला.

"बत्तीस वर्षांची सवय आहे. खाडाखोड नको."

"तीन मिनिटं," लेक म्हणाली.

दुसरं पान. "'सदर कामाचे स्वरूप सदस्यास पूर्णपणे समजले आहे काय?'" त्याने मोठ्याने वाचलं. कपाळावर घाम आला होता. "समजतंय. हळूहळू वर येतंय."

"पाच."

डावा पाय टेबलाखाली थरथरायला लागला, आणि टेबलाबरोबर कपबश्या. बायको भिंतीला टेकली होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, नाहीतर तिने त्याला उठवलं असतं, किंवा सेक्रेटरीला मारलं असतं.

"बस झालं," सेक्रेटरी म्हणाला. "ऊठ. कळलं."

"काय कळलं? अजून दोन पानं आहेत. 'प्रश्न नऊ. बसण्याबाबत काही अडचण असल्यास थोडक्यात लिहावी.' जागा किती दिलीय बघ, दादा. अर्धं बोट."

"आठ. बाबा, बास."

"तिथं पण असंच विचारणार ना लोक? खिडकीत? गाडी कधी येणार? मी सांगेन..." त्याचं अक्षर रेघेखाली घसरलं. त्याने पेन पुन्हा उचललं, पान उलटायला हात पुढे केला, आणि खुर्चीच्या डाव्या बाजूने सरळ खाली गेला. खुर्ची त्याच्या अंगावर पडली.

"नऊ," लेक म्हणाली. तिला थांबायचं सुचलं नाही.

जावयाने खुर्ची उचलली. अण्णा काठीशिवाय उठले. "उचलू नका," ड्रायव्हर जमिनीवरून म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता. "पाठ जमिनीला लागली की बरं वाटतं. राहू द्या असंच."

बायको त्याच्या डोक्याशी बसली. तिने मांडी दिली नाही, उशी दिली. मांडीने मान उचलली जाते हे ती आठ महिन्यांत शिकली होती. मग तिने वर, दिराकडे पाहिलं. 

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जावई हिशेबाच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसला होता. लेक त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "'पेन फिरव' कोण म्हणाला तेही लिही," ती त्याला म्हणाली. "आणि किती जागा रद्द केल्या ते. नोकरी जायचीच असेल तर अर्धवट लिहून कशाला घालवतोस?"

सेक्रेटरीने पेन शोधलं. ते घरंगळत फ्रिजखाली गेलं होतं. त्याला गुडघ्यावर बसून काढावं लागलं. मग त्याने संमतीपत्राचं दुसरं पान समोर ओढलं आणि प्रश्न नऊखालच्या अर्ध्या बोटात बारीक अक्षरात लिहिलं. 'सदस्य नवव्या मिनिटाला खुर्चीतून खाली पडला. मी स्वतः पाहिले.' खाली सही केली. सहीखाली 'सेक्रेटरी' लिहिलं.

ड्रायव्हरच्या बायकोने हात पुढे केला. कागद वाचला. परत दिला.

"आता चौदा ब," ती म्हणाली.

"ते कसं लिहू?"

"जसं झालं तसं. सभासदांना कळवलं नाही. नोटीस दाराच्या मागे होती. ज्याला कळलं नाही त्याला ते लागू करू नये. मागच्या बाजूला लिहा, तिथं कोरं आहे."

"अगं, यावर युनियनच फुटेल. बाकीचे जायबंदी पण उद्या कागद घेऊन दारात येतील."

"येऊ देत की," अण्णा म्हणाले. "खुर्च्या नाहीत म्हणावं. त्यांना तसंही उभंच राहावं लागत असेल."

सेक्रेटरीने पान उलटलं. पेन टेकवलं, उचललं. भावाकडे पाहिलं. जमिनीवर पडलेल्या माणसाकडे खुर्चीतून पाहायला त्याला टेबलाच्या कडेवरून वाकावं लागलं.

"हे मी लिहिलं," तो म्हणाला, "तर मी सेक्रेटरी राहणार नाही."

ड्रायव्हर छताकडे बघत होता.

"मी ड्रायव्हर राहिलो नाही," तो म्हणाला. "होते सवय. पहिला महिना जड जातो. लिही."